वैराचा वारसा

वडीलधारी माणसे आपल्यामागे मुलांना काय काय ठेवून जातात? जमीन ठेवतात, घर ठेवतात, विहिरीच्या पाण्यातला हिस्सा ठेवतात. पुष्कळदा कर्जही ठेवतात. याशिवाय आणखी एक गोष्ट वारशाने येते. तिची नोंद तलाठ्याच्या दप्तरात सापडत नाही, आणि कर्जासारखी ती फेडूनही संपत नाही. ती गोष्ट म्हणजे वैर. बांधावरून आजोबांचे भांडण झालेले असते, त्यात कोणाचे तरी डोके फुटलेले असते. नातवाला ते भांडण ठाऊक असण्याचे काही कारण नाही. पण रात्री जेवणे झाली की ओट्यावर बसून कोणी चुलता सांगतो, कोणी आत्या सांगते, "तुझ्या आज्याला त्यांनी कसं मारलं, ठाऊक आहे का तुला?" एकदा सांगितले तर मूल विसरून जाईल. पण दर दिवाळीला, दर पोळ्याला तेच सांगितले, तर ते वैर त्याच्या रक्तात उतरते. पुढे विशीतला तो पोरगा हाती कुऱ्हाड घेतो तेव्हा आपण म्हणतो, "तरुण रक्त, लवकर तापतं." पण मंडळी, चूल कोणी पेटवली ते आपण पाहत नाही.

आमच्या महाविद्यालयात मराठ्यांचा इतिहास शिकवताना दर वर्षी एक प्रश्न हटकून येतो. एखादा खेड्यातून आलेला विद्यार्थी उभा राहतो आणि विचारतो, "सर, ज्या औरंगजेबानं संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलं, त्याच्या कबरीपाशी शाहू महाराज गेलेच कसे? बापाचा सूड घ्यायचा सोडून?" प्रश्न रागाचा असतो, पण खोटा नसतो. त्या रागाचा मान ठेवून उत्तर द्यायचे, तर एकट्या शाहू महाराजांकडे पाहून भागत नाही. त्यांना कोणी वाढवले, कसे वाढवले, ते पाहावे लागते. आणि ते पाहू गेले की एक नव्हे, बाप गमावलेल्या तीन मुलांची गोष्ट समोर येते.

पहिला मुलगा खंडो बल्लाळ. याचे वडील बाळाजी आवजी चिटणीस. शिवाजी महाराजांच्या पत्रव्यवहाराचा सारा भार ज्यांच्या लेखणीवर होता, तेच हे. शिवाजी महाराज १६८० मध्ये वारले. गादीच्या वारशावरून दरबारात दोन तट पडले. कारस्थाने झाली, आणि १६८१ मध्ये संभाजी महाराजांनी अनेक जुन्या कारभाऱ्यांना देहान्त शासन दिले. त्यांत बाळाजी आवजींचाही अंत झाला. चिटणिसांच्या बखरीत असे येते की, हे कळल्यावर राणी येसूबाईंनी नवऱ्याला बोल लावला. इतक्या विश्वासू माणसाला मारले हे बरे केले नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि बाळाजींच्या मुलांना आपल्या पदराखाली घेतले. ही बखर लिहिणारे मल्हार रामराव हे त्याच चिटणीस घराण्यातले. तेव्हा घरची गोष्ट घरच्या माणसाने सांगितली आहे, हे शिक्षक मंडळींनी ध्यानात ठेवावे. पण पुढे खंडो बल्लाळ कसा वागला याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बापाला ज्या गादीने मारले, त्याच गादीची चाकरी त्याने जन्मभर केली, आणि ती मन लावून केली. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर जिवावर उदार होऊन जाणाऱ्यांत तो होता. जिंजीच्या वेढ्यातून महाराजांची सुटका व्हावी म्हणून त्याने आपल्या वतनावर पाणी सोडले, असेही बखरी सांगतात.

आता पाहा, या मुलाच्या घरी सुडाला कारण नव्हते काय? होते. दरबारात संभाजी महाराजांचे शत्रू काय कमी होते? पण ज्या घरातून घाव आला, त्याच घरातल्या एका बाईने अन्यायाला अन्याय म्हटले. मोठ्या माणसाने चूक मान्य केली की पोराच्या मनातला अर्धा अंगार तिथेच विझतो. आपल्याकडे नेमके हेच कोणी करीत नाही.

येसूबाई या शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या कन्या. संभाजी महाराज मोहिमेवर असत तेव्हा रायगडावरचा कारभार त्या पाहत. "श्री सखी राज्ञी जयति" अशी त्यांची स्वतंत्र मुद्रा होती. खरी कसोटी लागली ती १६८९ मध्ये. फेब्रुवारीच्या आरंभी संगमेश्वरास संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांचा वध झाला. महाराजांचे जे हाल केले गेले ते मी इथे वर्णन करीत नाही. महाराष्ट्रातल्या पोरासोरांनाही ते ठाऊक आहेत. त्या वेळी येसूबाईंच्या पदरात शाहू होता. त्याचा जन्म १८ मे १६८२ चा, म्हणजे वय पुरते सात वर्षांचेही नव्हते. न्यायाने गादी त्याची. अशा वेळी एखादी आई म्हणाली असती, "माझ्या मुलाला गादीवर बसवा आणि चला त्या बादशहावर." येसूबाईंनी असे काही केले नाही. धाकटे दीर राजाराम महाराज यांना त्यांनी पुढे केले. राजकुळातली सारी माणसे एकाच गडावर अडकली तर राज्यच बुडेल, म्हणून राजारामांनी बाहेर पडावे आणि आपण मुलासह गडावर राहून किल्ला लढवावा, असा सल्ला त्यांनी दिला. एप्रिलमध्ये राजाराम महाराज गडाबाहेर पडले. नोव्हेंबरात रायगड पडला, आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले.

येसूबाईंनी मुलाच्या कानात काय सांगितले, ते त्यांच्या या कृतीत वाचावे. नवऱ्याच्या मृत्यूला अजून महिनाही झाला नव्हता. डोळ्यांतले पाणी वाळले नव्हते. अशा घडीला त्या बाईने सुडाचा विचार मागे ठेवला, मुलाचा हक्कही मागे ठेवला, आणि राज्य पुढे ठेवले. मुले आपले बोलणे फार ऐकत नाहीत, पण आपले वागणे टिपून घेतात. सात वर्षांच्या मुलाला त्या दिवसांत जे बाळकडू मिळाले, ते जन्मभर पुरले.

पुढची सतरा-अठरा वर्षे शाहू महाराज बादशहाच्या छावणीत वाढले. ती छावणी म्हणजे चालते शहरच. कधी कृष्णाकाठी गलगल्याला, कधी मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला तिचा मुक्काम असे. तंबू मोगली, पहारा मोगली, पण आई जवळ होती. आणखी एक व्यक्ती जवळ होती. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा बेगम अविवाहित होती. तिने या मायलेकांवर माया केली, त्यांची देखभाल केली. साताऱ्यात बेगम मशीद आहे, ती शाहू महाराजांनी या बेगमेची आठवण म्हणून बांधली, अशी परंपरा आहे. आता अशा मुलाने "मोगल" हा शब्द ऐकला की त्याच्या मनात काय येत असेल? एकीकडे बापाला मारणारा बादशहा, आणि दुसरीकडे त्याच बादशहाची मायाळू लेक. सूड घ्यायला शत्रूचा एकच चेहरा लागतो. शाहू महाराजांना शत्रूच्या घरातले अनेक चेहरे ठाऊक झाले होते.

याचा अर्थ ते तिथे मिंधे होऊन राहिले असा नाही. बादशहाने त्यांना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली होती हे खरे. पण १७०३ मध्ये त्यांनी धर्म बदलावा असा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी मान तुकवली नाही. शेवटी त्यांच्याऐवजी प्रतापराव गुजरांच्या दोन मुलांनी, खंडेराव आणि जगजीवन यांनी, मुसलमान होणे पत्करले आणि तो प्रसंग टळला. क्षमा वेगळी आणि शरणागती वेगळी. हा फरक त्या तरुणाला छावणीतच उमगला होता.

याच वर्षांत महाराष्ट्रात सुडाचे एक प्रकरण घडले. सेनापती संताजी घोरपडे म्हणजे मोगलांचा काळ. शिस्तीचा कडक, रागाचा त्याहून कडक. त्यांनी अमृतराव निंबाळकर नावाच्या सरदाराला हत्तीच्या पायी दिले होते. अमृतरावांची बहीण राधाबाई ही म्हसवडच्या नागोजी मान्यांची बायको. भावाचा सूड घ्या, असा तिने नवऱ्याच्या मागे धोशा लावला, असे इतिहासकार लिहितात. पुढे संताजींचे राजाराम महाराजांशी आणि धनाजी जाधवांशी बिनसले. १६९७ मध्ये सैन्य पांगले आणि संताजी शंभू महादेवाच्या डोंगरात जवळजवळ एकटे पडले. नागोजींनी त्यांना गाठून मारले, आणि त्यांचे शिर बादशहाकडे पोचले. पंधरा वर्षांचे शाहू महाराज तेव्हा बादशहाच्या छावणीतच होते. पाहा, त्या बहिणीचे दुःख खोटे होते का? मुळीच नाही. पण भावाच्या सुडाने स्वराज्याचा पहिल्या प्रतीचा सेनानी गेला. बहिणीचा भाऊ काही परत आला नाही, आणि आनंद झाला तो औरंगजेबाला. पुढच्याच वर्षी जिंजीचा किल्लाही पडला. सूड घेणाऱ्याला वाटते की हिशेब माझा आणि त्याचा आहे. पण त्या हिशेबाचे व्याज पुष्कळदा सारा गाव भरतो, आणि मुद्दल तिसराच घेऊन जातो.

१७०७ च्या आरंभी अहमदनगरला औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशहा दिल्लीच्या गादीसाठी उत्तरेकडे निघाला. मे महिन्यात भोपाळजवळ दोराहा येथे शाहू महाराजांची सुटका झाली. मोगलांचा हेतू काही पुण्याचा नव्हता. शाहू दक्षिणेत गेला की मराठ्यांत दुही माजेल, हा त्यांचा डाव होता. शिवाय येसूबाईंना त्यांनी ओलीस ठेवून घेतले. म्हणजे पंचवीस वर्षांचा तरुण मोकळा झाला, पण त्याची आई शत्रूच्या हातात राहिली. शाहू महाराजांच्या सौम्यपणाचे हेही एक कारण होते, ते आपण झाकून ठेवू नये. त्यांनी तलवार उपसली असती तर पहिला घाव आईवर पडला असता.

आता येतो तो विद्यार्थ्यांचा प्रश्न. दक्षिणेत आल्यावर शाहू महाराज वेरूळजवळ खुलताबादला गेले आणि औरंगजेबाच्या कबरीचे त्यांनी दर्शन घेतले. त्यात राजकारण होते. बादशाही सनदेने आलेला राजा म्हणून आपला हक्क त्यांना बळकट करायचा होता. पण त्यात केवळ राजकारण होते असे मला वाटत नाही. मेलेल्या माणसाशी वैर कसले, हेही त्यात होते. ही माझी समजूत आहे. आणि ती नुसती हवेतली नाही, कारण त्याच प्रवासात मराठवाड्यातील पारद या गावी जे घडले, ते तिला पुरावा आहे.

पारदच्या पाटलाने, सयाजी लोखंड्याने, महाराजांच्या सैन्याला विरोध केला. चकमक झाली, आणि पाटील मारला गेला. त्याची बायको तान्हे मूल घेऊन आली आणि तिने ते महाराजांच्या पायांवर घातले. मंडळी, क्षणभर थांबून हे चित्र डोळ्यांपुढे आणा. अठरा वर्षांपूर्वी एका बादशहाने एका राजाला मारले होते आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा छावणीत नेला होता. आज तोच मुलगा घोड्यावर बसलेला आहे, त्याच्या माणसांनी एका पाटलाला मारले आहे, आणि समोर त्या पाटलाचे पोर आहे. आपण कोणाच्या जागी उभे आहोत, हे शाहू महाराजांना कळल्यावाचून राहिले असेल का? त्यांनी ते मूल उचलले. पहिल्या फत्तेत लाभलेला म्हणून त्याचे नाव फत्तेसिंग ठेवले, त्याला आपले भोसले आडनाव दिले आणि मुलासारखे वाढवले. विरूबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे सांभाळले. हाच फत्तेसिंग पुढे १७२५-२६ च्या कर्नाटकच्या स्वारीत सेनेचा मुख्य होता. अक्कलकोटचे राजघराणे याच मुलापासून सुरू झाले आणि ते संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत चालले. बापाला मारणाऱ्याच्या घरी वाढलेल्या या तिसऱ्या मुलानेही सूड घेतला नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला लढाईची वेळ आली. समोर ताराबाईंचे सैन्य होते. ताराबाईंविषयी बोलताना जीभ जपून वापरावी. १७०० मध्ये राजाराम महाराज वारल्यावर पंचविशीतल्या त्या बाईने सात वर्षे औरंगजेबाला झुंजवले. ती लढाई सुडाची नव्हती, राज्य राखण्याची होती. घरावर चालून आलेल्याशी लढणे हे कर्तव्यच आहे. वैर धरू नये म्हणजे मार खात बसावे, असा कोणी अर्थ घेऊ नये. पण शाहू महाराज परत आले तेव्हा ताराबाईंनी त्यांना तोतया म्हटले आणि सरदारांना दूधभातावर हात ठेवून शपथा घ्यायला लावल्या. तरीही खेडला सेनापती धनाजी जाधव शाहू महाराजांना मिळाले आणि लढाईचा निकाल लागला. धनाजींचे मन वळवण्यात एक मुख्य माणूस कोण होता, ठाऊक आहे? खंडो बल्लाळ! संभाजी महाराजांनी ज्याच्या बापाला मारले, त्यानेच संभाजी महाराजांच्या मुलाला गादीचा रस्ता मोकळा करून दिला. सव्वीस वर्षांपूर्वी येसूबाईंनी त्याच्या पाठीवर ठेवलेला हात असा फळाला आला. त्या वेळी त्या स्वतः मात्र मोगलांच्या कैदेत होत्या.

१७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला. पुढे बाळाजी विश्वनाथ पेशवे सैन्य घेऊन दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. बदल्यात पंधरा हजार फौज बादशहाच्या चाकरीस ठेवायची आणि सालाना दहा लाख रुपये पेशकश द्यायची, असे ठरले होते. सनदांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी येसूबाईंना परत आणले. तीस वर्षांनी ती माउली साताऱ्यात आली. गेली तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता, आली तेव्हा तो छत्रपती होता. बापाच्या वधाचे उत्तर त्याने दिल्ली जाळून दिले नाही. त्याच दिल्लीकडून आजोबांचे स्वराज्य लेखी मान्य करून घेऊन दिले.

घरच्या भांडणातही त्यांची रीत तीच होती. कोल्हापूरच्या संभाजी महाराजांशी तंटा वाढला आणि १७३० मध्ये वारणेकाठी त्यांचा पराभव झाला. तेव्हा ताराबाईंसह राजघराण्यातल्या बायका शाहू महाराजांच्या हाती लागल्या. ज्या चुलतीने आपल्याला तोतया ठरवले, ती समोर उभी. महाराजांनी तिचा मान राखला. बाकीच्या बायकांना त्यांनी सन्मानाने पन्हाळ्याला परत पाठवले; ताराबाई आपल्या इच्छेने साताऱ्यात राहिल्या. पुढच्या वर्षी कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघे चुलतभाऊ भेटले, आणि एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन दोन राज्यांची हद्द ठरली. बांध घातला गेला म्हणा ना!

शाहू महाराजांच्या या स्वभावावर टीका झालेली आहे. ते फार मऊ होते, मोगल बादशाहीवर शेवटचा घाव घालायला ते कचरले, असे म्हणणारे आहेत. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. क्षमेलाही किंमत पडते. पण त्यांच्याच कारकीर्दीत मराठ्यांची घोडी नर्मदेपलीकडे गेली. मनात सुडाची धुनी पेटवून बसलेल्या राजाला इतकी नाना तऱ्हेची माणसे एका छत्राखाली बांधून ठेवता आली असती का, याचाही विचार करावा.

तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे असते. बाबा रे, शाहू महाराज बापाला विसरले नव्हते. बापाचा वारसा म्हणजे काय, हे त्यांनी निवडले. बापाचे मरणही वारशात येते आणि बापाचे कामही येते. मरण धरून बसले की सूड सुचतो, काम धरले की राज्य उभे राहते. ही निवड त्या तरुणाने केली हे खरे, पण निवडायला दोन गोष्टी आहेत हे त्याला घरातल्या बाईने दाखवले होते. नागोजी मान्यांच्या घरी एकच गोष्ट दाखवली गेली.

शिक्षक बंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते की, इतिहास शिकवताना कोणी कोणाला मारले एवढ्यावर तास संपवू नका. मारले गेलेल्याच्या मुलाचे पुढे काय झाले, त्याला कोणी वाढवले, हेही मुलांना विचारा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगणे असे की, जुन्या भांडणाची गोष्ट पोराला सांगायचीच असेल तर पुरती सांगा. आपले डोके कसे फुटले ते सांगा, आणि त्या दिवशी आपल्या हातून काय वावगे झाले तेही सांगा. खटल्यापायी किती बिघे विकले गेले तेही सांगा. सारे ऐकून पोरगा काय ठरवायचे ते ठरवील. पण अर्धीच गोष्ट सांगून त्याच्या हाती कुऱ्हाड देऊ नका. कारण तुरुंगाच्या दारात उभा राहणार आहे तो, आणि मागे रडणार आहे त्याची आई.